रोजचं समाधान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत शंका फिटली तरी ‘समाधान झालं’ म्हणतात आणि मन निवलं तरी समाधानच म्हणतात. या पानावर पहिल्या प्रकारचं समाधान जमेल तेवढं केलं आहे. दुसऱ्या प्रकारचं कुणी कुणाला आयतं देऊ शकत नाही. हा विषय निघाला की लोक जे हमखास विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली, काही दोन ओळींत आटोपली, कारण सगळ्याच प्रश्नांत सारखा ऐवज नसतो.

सुख, आनंद, समाधान… तुम्ही नेमकं कशाबद्दल बोलताय?

आनंद येतो आणि जातो. निकाल चांगला लागला, जुना मित्र अचानक दारात उभा राहिला, की मन उसळतं आणि थोड्या वेळाने पुन्हा जागेवर येतं. सुख म्हटलं की आपण बरेचदा सोयींचा हिशोब मांडतो. समाधान या दोन्हींपेक्षा शांत असतं. दिवस संपताना ‘आजचा दिवस वाया गेला नाही’ असं वाटणं, एवढंच त्याचं रूप.

अभ्यासकही हे दोन गोष्टींत तोडून पाहतात: या क्षणी कसं वाटतंय, आणि एकूण आयुष्याकडे पाहून काय वाटतं. दुसऱ्या प्रश्नासाठी एड डिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फक्त पाच विधानांची एक मोजपट्टी तयार केली. ती आजही वापरात आहे. याच डिनर यांचं आणखी एक निरीक्षण मला फार कामाचं वाटतं: आनंद किती जोरात झाला यापेक्षा तो किती वेळा झाला, यावर माणसाचं बरं वाटणं जास्त अवलंबून असतं. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या प्रसंगापेक्षा रोजचे पाच-सहा बारीक क्षण जास्त वजनदार ठरतात.

‘काय, कसं चाललंय?’ या प्रश्नाला आपण ‘बरं चाललंय’ म्हणतो. हा ‘बरं’ शब्द मला ‘आनंदी’पेक्षा प्रामाणिक वाटतो. या पानाचा विषय तोच आहे: दिवस बरा कसा जाईल.

हे सगळं जन्मजात स्वभावावरच नसतं का? काही माणसं मुळातच हसरी असतात.

असतात, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. डेव्हिड लिकन आणि ऑके टेलेगन यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून १९९६ मध्ये लिहिलं की आनंदी वाटण्यातल्या फरकाचा मोठा वाटा आनुवंशिक असतो. जास्त आनंदी होण्याची धडपड म्हणजे उंची वाढवण्याच्या धडपडीइतकीच फोल असावी, असंही त्यांनी सुचवलं होतं. ते वाक्य जगभर फिरलं. पुढे लिकन यांनी स्वतःच ते मागे घेतलं, पण तोवर त्याचे पाय लांब गेले होते.

दुसऱ्या टोकाला २००५ मधला एक प्रसिद्ध हिशोब आहे: ५० टक्के जनुकं, १० टक्के परिस्थिती, ४० टक्के आपलं वागणं. प्रेरणादायी भाषणं देणाऱ्यांनी तो ४० चा आकडा इतका वापरला की त्याची धार गेली. मूळ अभ्यासकांनीच नंतर मान्य केलं की तो वाटा जरा मोठाच धरला गेला होता. शिवाय असे टक्के पुष्कळ माणसांमधला फरक सांगतात. ‘माझा ४० टक्के आनंद माझ्या हातात’ असा त्यांचा अर्थ होत नाही.

माझं मत असं: स्वभाव म्हणजे जमीन. कुणाला काळी मिळते, कुणाला मुरमाड. मुरमाड जमिनीतही काहीतरी उगवतं, फक्त शेजारच्या पिकाकडे बघून आपलं पीक ठरवायचं नाही.

आधी दृष्टिकोन बदलायचा की आधी सवयी?

सवयी. या पानावर एकच गोष्ट वाचणार असाल तर हे उत्तर वाचा.

आपल्याला नेहमी उलट सांगितलं जातं. विचार बदला, मग वागणं बदलेल, मग आयुष्य. ऐकायला छान वाटतं, पण मन काही हुकमाने वळत नाही. सकाळी उठल्या उठल्या ‘आज मी प्रसन्न राहणार’ असं ठरवलं आणि दहा मिनिटांत कुणी तोंड वाकडं केलं, तर ती प्रसन्नता कुठे गेली ते शोधूनही सापडत नाही. पाय मात्र हुकमाने चालतात. हात भांडी विसळतात. अंग अंथरुणातून उठवता येतं, मनाची इच्छा नसली तरी.

नैराश्यावरच्या उपचारांत याची चांगली परीक्षा झाली आहे. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीडशे रुग्णांवर तुलना केली. काहींना पूर्ण उपचार दिला, म्हणजे कृतीही आणि विचार तपासून ते बदलण्याचा सरावही. काहींना त्यातला फक्त कृतीचा भाग: दिवसाची आखणी करा, टाळलेली कामं थोडीथोडी पुन्हा हाती घ्या, पूर्वी ज्यात जीव रमायचा तिकडे परत जा. नुसत्या कृतीच्या गटाला पूर्ण उपचाराइतकाच उतार पडला. विचार बदलण्याचा भाग निरुपयोगी आहे असं यातून निघत नाही. पण मन तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही, हे नक्की निघतं.

मी स्वतः बरीच वर्षं उलट्या क्रमाने प्रयत्न केले. वाचलं, टिपलं, भिंतीवर सुविचार चिकटवले. फरक पडला तो रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडायला लागल्यावर. त्या चालण्यात कुठलाही थोर विचार आला नाही. पण दोन महिन्यांनी घरातल्या माणसांनी विचारलं, ‘हल्ली चिडत नाहीस का रे?’ वृत्ती सवयीच्या मागून येते, आणि आली तरी आपल्याला सर्वांत शेवटी कळते.

ठीक आहे, पण सुरुवात कुठून करू?

झोपेपासून. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. ती मिळत नसेल तर बाकीचे उपाय फुटक्या घागरीत पाणी भरल्यासारखे आहेत. अपुऱ्या झोपेनंतर जो जगाचा वैताग येतो, त्याला आपण उगाच ‘माझा नकारात्मक स्वभाव’ असं नाव देतो.

झोपेची घडी बसली की पुढचं: दिवसाच्या उजेडात थोडं चालणं, एका तरी माणसाशी कामापलीकडचं बोलणं, आणि एक लहान काम पूर्ण करणं. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. अर्धवट राहिलेली दहा कामं मनात भुणभुण करत राहतात, त्यापेक्षा एक खण आवरून झालेला बरा. कपाट आवरायला घेऊ नका. खणच.

चारही गोष्टी एकाच सोमवारी सुरू करू नका. तो सोमवार छान जातो आणि गुरुवारी सगळं बंद पडतं.

सवय लागायला २१ दिवस लागतात ना?

हा आकडा इतका रूढ आहे की त्याला विरोध करताना संकोच वाटतो. त्याचा उगम १९६० सालच्या एका प्लास्टिक सर्जनच्या लेखनात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘किमान’ वाटेत कुठेतरी गळालं, चेहराही गळाला, आणि उरला तो सगळ्या सवयींना लावलेला नियम.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला सांगून १२ आठवडे त्यांचा मागोवा घेतला. वागणं आपोआप होऊ लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. पण खरी मजा विस्तारात आहे: अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. सोपी सवय लवकर रुजते, मेहनतीची रेंगाळते. म्हणून बाविसाव्या दिवशी जमलं नाही तर स्वतःला नावं ठेवू नका.

त्याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्याने रुजण्यावर फारसा परिणाम झाला नाही. एक दिवस चुकला की ‘आता गेलंच सगळं’ म्हणून जो आठवडा आपण बुडवतो, तो आपल्या मनाचा उद्योग असतो.

नवी सवय जुन्या सवयीच्या शेपटीला बांधा. ‘रोज थोडं चालेन’ हा नुसता बेत झाला. ‘दात घासले की लगेच चप्पल घालायची’ यात कधी आणि काय हे दोन्ही ठरलेलं असतं, म्हणून ते घडण्याची शक्यता जास्त.

कृतज्ञतेची वही लिहिल्याने खरंच काही होतं का?

होतं, पण प्रचार होतो तितकं नाही, आणि चुकीच्या पद्धतीने लिहिली तर काहीच नाही.

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककला यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत अशा गोष्टी लिहिल्या ज्यांबद्दल त्यांना धन्यता वाटत होती. दुसऱ्या गटाने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटू लागलं. आठवड्यातून एकदा, हे लक्षात घ्या. रोजच लिहायला हवं असं काही नाही. दुसऱ्या एका प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही.

का, ते मला माझ्याच वहीवरून कळलं. रोज लिहायचं ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात पानं भरली. तिसऱ्या आठवड्यात रोज तेच: तब्येत, घर, माणसं. हजेरी मांडल्यासारखं. मन त्यात नव्हतंच. मग मी नियम बदलला. आठवड्यातून एकदा, एकच गोष्ट, पण तपशिलासकट. ‘घरची माणसं’ असं लिहायचं नाही. ‘मी बोलताना अडखळलो तेव्हा ती मध्ये न बोलता थांबून राहिली’ असं लिहायचं. या एका वाक्याला आठवावं लागतं, आणि आठवण्यातच सगळा गुण आहे. वहीचं काम लिहिण्यापुरतं नसतं. आठवड्याच्या शेवटी लिहायचं आहे म्हणून आठवडाभर नजर थोडी उघडी राहते.

लिहायला आवडत नसेल तर झोपताना मनात आठवा किंवा ज्याच्यामुळे बरं वाटलं त्यालाच सांगा. सांगणं हे लिहिण्याहून बहुधा जास्तच गोड लागतं. आपल्याकडे त्याची लाज फार, हा भाग वेगळा.

हवं ते मिळालं तरी चार दिवसांत त्याचं काही वाटेनासं होतं. माझ्यातच खोट आहे का?

नाही, मनाची घडणच तशी आहे. सतत असणाऱ्या गोष्टीची ते दखल घेणं सोडून देतं. अत्तराच्या दुकानात शिरल्यावर पाच मिनिटांनी वास येईनासा होतो, तसंच. हेच आपल्याला दुःखातूनही वर काढतं, म्हणून त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही.

या संदर्भात १९७८ चा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो आणि बहुतेक वेळा चुकीचा. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी २२ लॉटरी विजेते आणि अपघाताने अपंगत्व आलेले २९ जण यांची इतरांशी तुलना केली. ‘काही काळाने दोघेही सारखेच आनंदी होते’ असं सांगतात. तसं नव्हतं. अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमी आनंदी होते. विजेते मात्र इतरांपेक्षा खरोखर फारसे जास्त आनंदी निघाले नाहीत, आणि रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी मजा येत होती. मला यातला शेवटचा भाग सर्वांत बोलका वाटतो. मोठं सुख आलं की ते लहान सुखांची चव मारतं.

उपाय साधा आहे पण कुणाला आवडत नाही: मध्ये खंड पाडायचा. एका प्रयोगात काही जणांनी आठवडाभर चॉकलेट पूर्ण सोडलं, काहींना हवं तेवढं खायला दिलं. आठवड्यानंतर दोन्ही गटांनी चॉकलेट चाखलं तेव्हा सोडलेल्यांना ते जास्त आवडलं. आवडती मालिका एका बैठकीत संपवू नका. आवडतं गाणं गजर म्हणून लावू नका. चार दिवसांत त्याचा राग येऊ लागेल.

पैशाने सुख मिळतं का? खरं सांगा.

काही प्रमाणात, हो. ‘पैशाने सुख विकत मिळत नाही’ हे वाक्य बहुधा ज्याच्याकडे पुरेसा आहे तोच म्हणतो.

डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून म्हटलं होतं की वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरनंतर रोजच्या भावना सुधारत नाहीत. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना २०२१ मध्ये अशी कुठलीच रेघ दिसली नाही. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी भांडत बसण्याऐवजी बार्बरा मेलर्स यांना सोबत घेऊन एकत्र आकडे तपासले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापला: बहुतेकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर बरं वाटणं वाढत जातं. सपाटी येते ती मुळात सर्वांत दुःखी असलेल्या गटात. त्यांचं दुःख पैशापलीकडचं असतं. विद्वानांनी असं एकत्र बसून चूक शोधणं दुर्मीळ आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मात्र ही वाढ पटीची असते. उत्पन्न दुप्पट झालं की बरं वाटण्यात एक पायरी, पुढची पायरी चढायला पुन्हा दुप्पट. त्यामुळे तंगीत असलेल्याला थोड्या पैशाने जो फरक पडतो तो सुखवस्तू माणसाला कळणारही नाही. कर्जाने झोप उडालेल्या माणसाला कृतज्ञतेची वही सुचवू नये. त्याला आधी हप्त्यांचं वेळापत्रक हवं असतं.

खर्च कशावर होतो यानेही फरक पडतो. वस्तूपेक्षा अनुभवावर केलेला खर्च आठवणीत जास्त काळ उजळ राहतो. दुसऱ्यावर खर्च केल्याने स्वतःवर केल्यापेक्षा जास्त बरं वाटू शकतं. आणि नकोशा कामातून सुटका करून घेणारा, म्हणजे वेळ विकत घेणारा खर्च लोक ऐपत असूनही टाळतात.

दुसऱ्यांशी तुलना थांबतच नाही. काय करू?

थांबणार नाही. माणूस तुलनेनेच मोजतो, त्याच्याकडे दुसरी फूटपट्टी नाही. कुणाशी करायची, एवढंच थोडंफार हातात असतं.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे पाहून अभ्यासकांनी १९९५ मध्ये दाखवलं की रौप्यपदक मिळवलेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळवलेले जास्त खूश दिसत होते. रौप्यवाल्याच्या डोक्यात हुकलेलं सुवर्ण असतं. कांस्यवाला म्हणतो, थोडक्यात वाचलो, नाहीतर हात हलवत परतलो असतो. जास्त मिळवलेला माणूस जास्त खट्टू, तो केवळ कुठल्या बाजूला पाहतोय यामुळे.

म्हणून मोजायचंच असेल तर मागच्या वर्षीच्या स्वतःशी मोजा. आणि एखाद्याचा हेवा वाटलाच तर त्याचं पूर्ण आयुष्य घ्याल का, ते विचारा. त्याची नोकरी हवी असते, पण त्याची पाठदुखी, त्याची जागरणं, त्याच्या घरातला अबोला नको असतो. सुटा भाग मिळत नाही.

मोबाईल सोडावा का?

सोडू नका, नाहीतर चार दिवसांनी दुप्पट हातात घ्याल. वेळ आवळा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात काही जणांनी तीन आठवडे समाजमाध्यमांवर दिवसाला साधारण ३० मिनिटांचं बंधन पाळलं. त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली.

पण सुटलेला वेळ कशाने भरायचा हे आधी ठरवा. रिकामं बसणं माणसाला किती नकोसं होतं याचा एक विचित्र पुरावा आहे. २०१४ च्या एका प्रयोगात लोकांना १५ मिनिटं खोलीत नुसतं विचार करत बसायला सांगितलं. सोबत एक बटण होतं, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसे. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी स्वतःला झटका देऊन घेतला! आपण मोबाईल उघडतो तो बरेचदा याच बटणाच्या जागी.

‘सकारात्मक विचार करा’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

रास्त आहे. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलेल्या एका प्रयोगात (२००९) स्वतःबद्दल आधीच चांगलं मत असणाऱ्यांना किंचित फायदा झाला, आणि ज्यांना आधाराची खरी गरज होती त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. आतून एक आवाज ‘खोटं बोलतोयस’ म्हणतच असतो. वाक्य जितकं गोड, तितका तो आवाज कडू.

नको तो विचार दाबूनही जात नाही. डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. पुढे काय झालं ते तुम्ही आत्ताच अनुभवलं असेल.

त्यापेक्षा भावनेला तिचं नाव द्या. ‘मला आज मत्सर वाटतोय’, ‘मला भीती वाटतेय’, इतकं स्पष्ट. ‘कसंतरीच होतंय’ या गाठोड्यात काय आहे ते उघडून पाहिलं की निम्म्या वेळा आत भूक, दमणूक किंवा न केलेला एक फोन निघतो.

खोटं खोटं हसल्याने खरंच बरं वाटतं?

अगदी थोडं. २०२२ मध्ये १९ देशांत मिळून केलेल्या प्रयोगात हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्याने लोकांना किंचित बरं वाटलं. पण दिवसभर ग्राहकांसमोर नाइलाजाने हसणाऱ्यांना विचाराल तर उत्तर वेगळं मिळेल.

मला माणसांची फार आवड नाही. एकट्याने समाधानी राहता येत नाही का?

येतं. एकांत आणि एकटेपणा यांत फरक आहे: पहिला आपण निवडतो, दुसरा आपल्यावर येतो. पण ‘मला माणसं लागतच नाहीत’ हे वाक्य म्हणण्याआधी एकदा तपासून पाहा, कारण या बाबतीत आपला अंदाज हमखास चुकतो.

शिकागोत रेल्वेने आणि बसने प्रवास करणाऱ्यांना निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी विचारलं, अनोळखी सहप्रवाशाशी बोलत गेलात तर प्रवास कसा होईल? लोक म्हणाले, वाईट. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला लावलं त्यांचा प्रवास जास्त चांगला झाला, आणि हे अबोल स्वभावाच्या लोकांच्या बाबतीतही दिसलं. समोरचा बोलायला तयार नसेल, अशी भीती प्रत्येकाला, आणि म्हणून सगळेच गप्प.

दीर्घकाळाचं पाहायचं तर हार्वर्डचा १९३८ साली सुरू झालेला अभ्यास आहे. त्यात २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं अशा ७२४ जणांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला; पुढे त्यांच्या बायकामुलांचाही. उतारवयात कोण धडधाकट आणि समाधानी राहिलं, हे सांगण्यात पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा नात्यांतली तृप्ती जास्त उपयोगी ठरली. इथे नात्यांची संख्या महत्त्वाची नाही. रात्री-अपरात्री फोन करता येईल असं एक माणूस असलं तरी पुष्कळ. ते माणूस टिकवायलाही सवयच लागते, म्हणजे काम नसतानाही अधूनमधून फोन करण्याची.

आहे त्यात समाधान मानलं तर प्रगती खुंटणार नाही का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण आधीच दमलेले असतात, असं माझं निरीक्षण आहे.

समाधान म्हणजे इच्छा संपणं नव्हे. डोंगर चढताना मध्ये बसून पाणी पिणारा माणूस शिखर सोडून देत नाही. उलट असमाधानाच्या इंधनावर चालणारी गाडी धूर फार काढते: घाई, चिडचिड, दुसऱ्याच्या यशाने पोटात कालवणं. काम त्यानेही होतं, पण पोहोचल्यावर बसायला जागा उरत नाही, लगेच पुढचं ठिकाण.

तरीही एक सावधगिरी हवी. अन्याय होत असेल, कुणी छळत असेल, तर ‘समाधान मानून घे’ हा सल्ला विषारी आहे. बहुतेकदा तो सल्ला छळणाऱ्याच्या सोयीचा असतो. तिथे आधी परिस्थितीच बदलायची.

घरात एक जण सतत कुरकुर करतो. त्याला हे पान वाचायला देऊ का?

नको. त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवू तर मुळीच नका.

वाईट काळ चालू आहे. जवळचं माणूस गेलंय. तरी हे सगळं करत राहायचं?

नाही. दुःखाला त्याचा वेळ लागतो. जेवण, झोप, आंघोळ एवढं सांभाळलं तरी त्या दिवसांत खूप झालं. जमेल तेव्हा मन मोकळं करायला जेम्स पेनबेकर यांची पद्धत काहींना उपयोगी पडते: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनात जे साचलंय ते शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहायचं. लिहून झाल्यावर थोडा वेळ जास्त जड वाटू शकतं. फारच उचंबळून आलं तर थांबा.

आणि एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो सवयींचा प्रश्न राहत नाही. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आणि तोवर एकटं राहू नका.

हे सगळं करून पाहिलं. तरी आनंदी वाटत नाही.

किती वेळा तपासता? गंमत म्हणून नाही विचारत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना संगीत ऐकवलं. ज्यांना ‘ऐकताना आनंदी व्हायचा प्रयत्न करा’ असं सांगितलं होतं, त्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा कमी बरं वाटलं. बी रुजलं का हे पाहायला रोज माती उकरली तर रुजणार कसं?

सहा आठवडे मोजणं बंद ठेवा. सवयी चालू, मोजणं बंद. मग स्वतःला विचारू नका, ज्यांच्यासोबत राहता त्यांना विचारा.

सकाळी करावं की रात्री?

चालणं सकाळी, आठवणं रात्री. पाळीवर काम करत असाल तर उठल्यावर आणि झोपण्यापूर्वी, घड्याळात काहीही वाजलेले असोत.